पन्नास टक्के उजेड

नारायणगाव ते मंचर या पट्ट्यात गाडीची काच काळी करून घ्यायला येणारा माणूस उन्हाची तक्रार घेऊन क्वचितच येतो. ऊन हे निमित्त. ‘पोरं मागं बसतात, ऊन लागतं,’ असं तो म्हणतो आणि लगेच विचारतो, ‘बाहेरून आतलं किती दिसंल?’ या दुसऱ्या प्रश्नावरून मी गिऱ्हाईक ओळखतो. ज्याला खरोखर उन्हाचा त्रास आहे तो ‘आत किती तापंल’ असं विचारतो. तसा एखादाच.

आमच्याकडं गाडी हाच माणसाचा पत्ता असतो. ओतूरच्या बाजारात कुणाची बोलेरो उभी होती, आळेफाट्याच्या हॉटेलाबाहेर कुणाची फॉर्च्युनर उशिरापर्यंत होती, घोडेगावच्या कचेरीसमोर कुणाची क्रेटा हल्ली सारखी दिसायला लागलीय, हे नंबरप्लेट न वाचता सांगणारी माणसं प्रत्येक टपरीवर बसलेली असतात. त्यामुळं गाडी सगळ्या गावानं बघावी, पण आत कोण बसलंय ते कुणाला कळू नये, अशी अवघड मागणी घेऊन लोक येतात. पुढाऱ्यांच्या गाड्यांनी ती आणखी वाढवली. काळ्या काचेआड कुणीतरी मोठा माणूस बसलेला असतो. साध्या काचेआड आपला नेहमीचा पाव्हणा असतो. रुबाबाचा सगळा हिशोब एवढाच.

अपवाद सांगायचाच तर तमाशातल्या लोकांचा. चैत्रातल्या जत्रांच्या सुपाऱ्या ठरवायला गावोगावचे कारभारी नारायणगावात येतात, फडांच्या राहुट्या लागतात, हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. त्यांच्या गाड्यांकडं मात्र कुणी नीट बघत नाही. रात्रभर खेळ, पहाटे सामान भरायचं आणि दिवसा पुढच्या गावचा रस्ता. त्यांची झोप म्हणजे गाडीत, भर उन्हात, हलत्या बाकड्यावर. एका फडाच्या बाई एकदा मला म्हणाल्या, ‘दादा, आम्हाला कोण बघतंय याचं काय नाय, आमचं पोटच त्याच्यावर हाय. फक्त डोळ्यावरचं ऊन तेवढं घालवा.’ अंधाराची खरी गरज असलेलं एवढं सरळ गिऱ्हाईक मला नंतर भेटलं नाही.

मी या धंद्यात आलो तेव्हा टक्केवारी कुणी विचारत नसे. ‘फुल काळी’, ‘मध्यम’ आणि ‘हिरवी’ एवढ्याच जाती. सुमो आणि स्कॉर्पिओ दुकानासमोर रांगेनं लागायच्या. रोल स्वस्त, रंगवलेल्या पॉलिस्टरचा. दोन उन्हाळ्यांत त्याचा जांभळा व्हायचा आणि मग तेच गिऱ्हाईक परत यायचं. सगळं सुरळीत चाललं होतं.

आणि मग २०१२ साल उजाडलं. अविषेक गोएंका यांच्या याचिकेवर २७ एप्रिलला सरन्यायाधीश कपाडियांच्या पीठानं निकाल दिला आणि ४ मेपासून देशभर गाड्यांच्या काचांवरच्या काळ्या फिल्म बंद झाल्या. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला शंभरावा नियम १९८९ पासूनच होता: पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के उजेड पार झाला पाहिजे, बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के. आम्ही समजत होतो, तेवढी फिकी फिल्म लावली की झालं. न्यायालयानं सांगितलं, तसं नाही. ही टक्केवारी कारखान्यातून येणाऱ्या काचेची आहे. वरून फिल्म चिकटवायची तर ती कितीही टक्क्यांची असो, चालणार नाही. ज्यांना मोठी सरकारी सुरक्षा आहे, तेवढेच सुटले.

आमच्या भागाला सर्वोच्च न्यायालय ठाऊक झालं ते दोन गोष्टींमुळं, काळ्या काचा आणि बैलगाडा. बैलगाड्यांच्या शर्यती २०१४ साली बंद झाल्या, तेव्हा आंबेगाव, जुन्नर, खेड असे तिन्ही तालुके पेटून उठले. मोर्चे निघाले, रास्ता रोको झाले, विधानसभेत कायदा झाला, डिसेंबर २०२१ मध्ये शर्यती पुन्हा सुरू झाल्या आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं त्यावर शिक्का मारला. काळ्या फिल्मसाठी कुणी रस्त्यावर उतरलं नाही. उतरणार तरी कसं? ‘आम्हाला आमचं तोंड लपवू द्या’ असा फलक धरून तहसीलवर जाता येत नाही.

२०१२च्या त्या मे महिन्यात माझं काम उलटं झालं. लावायच्या ऐवजी काढायचं. जुनी फिल्म काढणं हे लावण्यापेक्षा किचकट असतं. उन्हानं कडक झालेली फिल्म एकसंध निघत नाही, नखाएवढे तुकडे होतात आणि खालचा डिंक काचेवरच राहतो. बाजूच्या काचांचं एक वेळ निभतं. साबणाचं गरम पाणी मारायचं, ब्लेड आडवं धरायचं आणि खरवडायचं. मागच्या काचेवर ब्लेड चालत नाही. तिथं धुकं घालवणाऱ्या तांबूस तारा काचेच्या आतल्या बाजूला छापलेल्या असतात. ब्लेडचा एक ओरखडा पडला की ती रेघ मेली, आणि पावसाळ्यात माळशेजला गेल्यावर मालकाला कळतं की मागची काच पट्ट्यापट्ट्यांनी धुरकट राहतेय. म्हणून काचेवर आतून शाम्पूचं पाणी, बाहेरून काळी प्लास्टिकची पिशवी, आणि गाडी दुपारच्या उन्हात उभी. डिंक वाफेनं सुटला की कोपऱ्यातून हळू, एका दमात ओढायची. उन्हाविरुद्ध लावलेली गोष्ट काढायलाही ऊनच लागायचं.

त्याच वर्षी डिसेंबरात दिल्लीतली, चालत्या बसमधल्या सामूहिक बलात्काराची ती घटना घडली. त्या बसच्या काचा काळ्या होत्या, आत पडदे होते, हे वर्तमानपत्रात आलं. त्यानंतर घरातूनच मला धंद्याबद्दल प्रश्न यायला लागले. मी सीट कव्हर, टेप, आरसे आणि बंगल्यांच्या काचा यांच्यावर दुकान चालवलं. बंगल्याच्या काचेला कायदा नव्हता आणि टोमॅटोच्या पैशातून पश्चिमेकडं तोंड करून मोठ्या काचांचे बंगले बांधायची टूम आमच्याकडं आलीच होती.

गाड्यांची वाट पुन्हा थोडी मोकळी झाली ती नियमातल्या बदलानं. १ एप्रिल २०२१ पासून शंभराव्या नियमात ‘सेफ्टी ग्लास’च्या जोडीला ‘सेफ्टी ग्लेझिंग’ हा शब्द आला. म्हणजे काचेच्या आतल्या बाजूला प्लास्टिकचा थर असलेली काच, भारतीय मानक २५५३ भाग २ प्रमाणे. टक्केवारी तीच राहिली, ७० आणि ५०. त्याचा अर्थ काय यावर पुन्हा वाद झाले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयानं सांगितलं की नव्या नियमात बसणारी, तेवढा उजेड पार करणारी फिल्म लावली म्हणून दंड करता येणार नाही. निकाल केरळचा, रस्ता पुणे-नाशिक. ती प्रत मोबाईलमध्ये घेऊन चाकणच्या चौकात उभं राहायचं का, हे ज्याचं त्यानं ठरवावं. मी एवढंच करतो की मीटरवर दाखवून, लिहून देतो.

हे मीटरचं जरा समजून घेतलं पाहिजे, कारण नव्वद टक्के भांडणं इथंच होतात. गिऱ्हाईक म्हणतं, बाजूला पन्नास टक्के चालते ना, मग पन्नासची फिल्म लावा. आता, गाडीची कोरी काच तरी कुठं शंभर टक्के असते? तिच्यात मुळातच हिरवट झाक असते. समजा ती पंचाहत्तर टक्के उजेड सोडते. तिच्यावर पन्नासची फिल्म लावली तर पंचाहत्तरचे निम्मे, म्हणजे साडेसदतीस उरले. कायद्यात बसायचं तर फिल्म सत्तरची लागते. पंचाहत्तर गुणिले सत्तर, साडेबावन्न. मागच्या काचेला तर सत्तर उरले पाहिजेत, म्हणजे तिथं जवळपास पारदर्शकच फिल्म. हा गुणाकार मी पाटीवर खडूनं लिहून ठेवलाय. लोक तो वाचतात आणि म्हणतात, ‘मंग लावून उपयोग काय?’

उपयोग दाखवायला दुकानात एक लाकडी खोकं आहे. आत उष्णतेचा लाल दिवा, वर काचेचे तीन तुकडे: एक कोरा, एकावर जुनी फुल काळी, एकावर फिकी सिरॅमिक. दिवा लावायचा आणि गिऱ्हाइकाचा हात वर धरायचा. कोऱ्या काचेवर चटका लगेच येतो. काळ्या काचेवर आधी बरं वाटतं, थोड्या वेळानं काचच तापते आणि हात मागं घ्यावा लागतो, कारण ती फिल्म उष्णता पिते आणि आतच सोडते. दिसायला जवळजवळ कोऱ्या असलेल्या तिसऱ्या तुकड्यावर हात तसाच राहतो. सूर्याच्या उष्णतेतला निम्मा वाटा डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा असतो. ती अडवायला काळेपणाची गरजच नाही. काळा रंग अडवतो तो मुख्यतः दिसणारा उजेड. हे पटतं सगळ्यांना. घेतात थोडे.

सिरॅमिक सांगायचं आणखी एक कारण म्हणजे टोल. धातूचा थर असलेली फिल्म पुढच्या काचेवर लावली की फास्टॅग वाचला जात नाही, आणि मग चाळकवाडीच्या नाक्यावर मागं हॉर्नची रांग. पलीकडं खोडदला रेडिओ दुर्बिणीच्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या अँटेना आकाशातून येणाऱ्या कितीतरी क्षीण रेडिओलहरी टिपतात आणि इथं हातभर अंतरावरचा टॅग सापडत नाही, असा विनोद एका गिऱ्हाइकानंच केला होता. ते तिथंच कामाला होते.

रोल येतो तो आपल्याच राज्यातून, याचं लोकांना नवल वाटतं. गरवारेंची फिल्म छत्रपती संभाजीनगरात तयार होते आणि अमेरिकेतही जाते. आबासाहेब गरवारे मूळचे तासगावचे आणि त्यांची सुरुवात मुंबईत जुन्या मोटारींच्या व्यापारातून झाली होती. म्हणजे आधी मोटार विकली, मग तिच्या काचेवरचं ऊन. धंद्याची नजर म्हणतात ती ही.

आता त्या गाडीकडं येतो, जिच्यासाठी हे लिहायला घेतलं.

जुलै २०२३ मध्ये नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव गेला. त्या हंगामात ज्यांचा माल नेमका निघत होता त्यांचं नशीब फळफळलं. ज्यांनी जूनमध्ये कंटाळून बाग उपटली, ते अजून त्याबद्दल बोलत नाहीत. आलेल्या पैशाची वाट आमच्याकडं ठरलेली असते: सोसायटी, शेततळ्याचा कागद, घरातलं लग्न, आणि मग गाडी. कुकडीच्या कालव्यालगतच्या एका घरात या क्रमानं सगळं झाल्यावर धाकट्या मुलानं पुण्यातून जुनी मस्टँग आणली. फोर्डनं ही गाडी भारतात २०१६ साली आणली, पाच लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन, दोन दारं, लांब नाक. पोरगा मला म्हणाला, ‘दादा, मागची आणि साईडची काळी करायची. पार काळी.’ सोबत त्याचे आजोबा. त्यांना सगळे आबा म्हणतात. आबा गाडीतून उतरायलाच बराच वेळ लागला, कारण ती गाडी जमिनीला टेकलेली आणि आबांचे गुडघे ऐंशीच्या घरातले.

मी आधी पाटीवरचा गुणाकार दाखवला. पोरानं तो बघितला आणि आपला विषय बदलला. मग मी त्याला मागच्या सीटवर बसायला सांगितलं. मस्टँगच्या मागं बसणं म्हणजे मान वाकवून बसणं. तिथून त्यानं मागच्या काचेतून बाहेर बघितलं. ‘आता सांग, किती दिसतं?’ दिसत होता तो आभाळाचा तुकडा आणि माझ्या पत्र्याची कड.

या जातीच्या गाडीची मागची काच जवळजवळ आडवी पडलेली असते. मीटर काचेवर सरळ टेकवतो, म्हणून आकडा सरळ उजेडाचा येतो. डोळा मात्र आरशातून त्या काचेकडं तिरका बघतो. तिरक्या उजेडाला काचेतून आणि फिल्ममधून जास्त वाट कापावी लागते, शिवाय बराच उजेड पृष्ठभागावरूनच परत फिरतो. त्यामुळं स्विफ्टला जी फिल्म ठीक वाटते तीच या गाडीला अंधारी वाटते. त्यात मागचे खांब जाड, बाजूची कोपऱ्याची काच तळहाताएवढी. दिवसा हायवेला निभेल. पण ही गाडी राहणार वस्तीवर, दोन्ही बाजूंनी ऊस, रात्री अरुंद रस्त्यात मागं घ्यायची. जुन्नर-आंबेगाव अशा आमच्या दोन्ही तालुक्यांत संध्याकाळनंतर उसाच्या कडेला लोक खाली उतरत नाहीत. बिबट्याची भीती ही आता बातमी राहिलेली नाही, रोजची सवय झालीय. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे आणि ते रिकामं नसतं. मागं काय आहे ते उतरून बघायचं नाही आणि काचेतूनही बघायचं नाही, म्हणजे मग बघायचं कुठून?

आबा बाहेर उभे राहून ऐकत होते. ते म्हणाले, ‘मागं कोन बसनार हाय त्यात?’

‘कुणी नाय, आबा.’

‘मंग झाकतो कुनाला?’

पोरगा काही बोलला नाही. बाजूला सत्तरची सिरॅमिक, मागं तीच जात पण जवळपास कोरी, असं ठरलं.

काम हिवाळ्यातलं, कारखान्यांचा गळीत हंगाम जोरात. विघ्नहर आणि भीमाशंकर दोन्ही चालू असले की आमच्या हवेत पाचटाची काजळी तरंगते. काळी, हलकी, बोटाच्या पेराएवढी पानं. एक जरी कण फिल्मखाली गेला तरी कायमचा राहतो आणि गिऱ्हाइकाची नजर बरोबर तिथंच जाते. म्हणून शटर खाली, फरशीवर पाणी, पंखा बंद, अंगावरचा स्वेटर बाहेर. पाणीही बोअरचं चालत नाही. आमच्या भागातल्या बोअरच्या पाण्यात क्षार इतके की फिल्म वाळल्यावर खाली पांढरे डाग उमटतात. पिण्याच्या फिल्टरचं पाणी, त्यात लहान मुलांच्या शाम्पूचे थेंब. शाम्पू जास्त झाला तर फिल्म घसरत राहते, कमी झाला तर जागेवर बसायच्या आधीच चिकटते.

बाजूच्या काचांनी आधी छळलं. या दारांना काचेभोवती चौकट नाही. दाराचं हँडल ओढलं की काच आपोआप थोडी खाली उतरते, दार लागलं की वर जाऊन रबरात घुसते. गाडी दिसायला देखणी होते ती याच्यामुळंच. फिल्मवाल्याला मात्र ती काच कडेपर्यंत उघडी पडलेली असते. साध्या गाडीत फिल्मची वरची कड रबराआड लपते. इथं काच खाली आली की कड डोळ्यासमोर. एक सूत कमी कापली तर पांढरी रेघ दिसते, एक सूत जास्त राहिली तर रबर तिला रोज ओढतं आणि महिन्याभरात कोपरा सुटतो. म्हणून फिल्म काचेच्या बाहेर थोडी सोडायची, चिकटवायची आणि मग बारीक पॉलिश कागदानं काचेच्या कडेवरूनच घासून उतरवायची, कागद कायम खालच्या दिशेनं. घासलेली कड बोटाला लागली नाही की काम झालं. आबांनी बोट फिरवून बघितलं. त्यांचं बोट खुरप्याचं, पण त्यांना कळलं.

इतर गाड्यांच्या मालकाला मी सांगतो, चार दिवस काच खाली घेऊ नका. यांना काय सांगणार? दार उघडलं की काच हलणारच. गाडी रात्रभर दुकानातच ठेवून घेतली आणि वरची कड हीट गननं मंद आचेवर आधी वाळवली. रात्री मधेच वीज गेली. इन्व्हर्टरवर बल्ब चालतो, हीट गन चालत नाही. हे काही नवीन नाही. वीज आली तेव्हा पुढचं केलं.

मागची काच सकाळी घेतली. फिल्म सपाट असते, काच दोन्ही अंगांनी वाकलेली. खापरावर मांडा टाकल्यासारखी ती मध्ये टेकते आणि कडेला चुण्या राहतात. धंद्यात त्यांना बोटं म्हणतात. ती बोटं उष्णतेनं आकसून जिरवायची. काचेवर बाहेरून टाल्कम पावडर पुसट फासायची, ओल्या बोळ्यानं पाण्याचा एच काढायचा, दोन उभ्या रेघा आणि एक आडवी. फिल्म त्यावर टाकली की ती ओल्या रेघांपुरती धरून राहते आणि पावडरीवर बाकीची मोकळी सरकते. मग सगळी बोटं वर आणि खाली ढकलायची, कारण फिल्म रोलच्या लांबीच्या दिशेनंच आकसते, आडवी नाही. रोल उलटा लावला तर कितीही आच द्या, चुणी जिरत नाही, जळते. हीट गन चालती ठेवायची. जुन्नरची थंडी, काच बर्फागत गार, आणि एकाच ठिकाणी आच धरली तर कडक केलेली काच फुटून तिचे साखरेएवढे दाणे होतात. म्हणून आधी सगळ्या काचेवरून लांबून गरम हवा फिरवली, मग मध्यापासून कडेला. चुणी आधी फुगते, मग चकाकते आणि अचानक सपाट होते. तो अचानकपणा मला अजूनही आवडतो. माझ्या हाताखालचा पोरगा त्या क्षणाला दर वेळी ‘गेलं’ म्हणतो.

आकार घेतलेली फिल्म काचेच्या आत लावायची म्हणजे माणूस आत गेला पाहिजे. मागच्या सीट पाडून, पोटावर सरपटत, डोकं काचेखाली, पाय पुढच्या सीटांच्या मधून बाहेर. पाठीमागचा कागद सोलताना वरून पाण्याचे थेंब तोंडावर. काचेचा खालचा कोपरा इतका अरुंद की हात जात नाही. लांब दांड्याची रबरी पट्टी तिरकी घालून तिथलं पाणी बाहेर काढायचं. तारांच्या रेघांवरून पट्टी फिरवताना रेघांच्याच दिशेनं, आडवी. नाहीतर प्रत्येक तारेच्या कडेला हवेची रेघ राहते. काचेच्या कडेला कारखान्यातूनच काळे ठिपके असतात, तिथं फिल्म पूर्ण बसत नाही आणि राखाडी पट्टा दिसतो. मालकाला ते आधीच दाखवून ठेवावं लागतं. कोण म्हणतं दोन दारांची गाडी म्हणजे काचा कमी, काम कमी?

उन्हात गाडी बाहेर काढली. मीटर लावला. बाजूला बावन्न, मागं एकाहत्तर. पोरानं गाडीभोवती चक्कर मारली. त्याचा चेहरा पडला. ‘दादा, लावलीय का नाय तेच कळंना.’ मी त्याला आत बसवलं, काचा वर केल्या आणि दुपारपर्यंत गाडी तशीच उन्हात ठेवायला सांगितली. दुपारी त्यानं काचेला आतून तळहात लावला आणि डॅशबोर्डला लावला. डॅशबोर्ड पोळला, कारण पुढच्या काचेला आम्ही काही केलेलं नव्हतं. ‘मंग पुढं पन लावा की,’ तो म्हणाला. इथं मी गिऱ्हाईक जिंकलं, पण त्याची कोरी काचच मीटरवर चौऱ्याहत्तर दाखवत होती. त्यावर नव्वदची फिल्म बसवली तरी सत्तरच्या खाली जातं. नाही म्हणून सांगितलं. हातचं काम सोडताना वाईट वाटलंच.

मग त्यानं खिशातून मोबाईल काढला आणि एक चित्र दाखवलं. घरची बैलजोडी, गेल्या हंगामात एका गावच्या शर्यतीच्या घाटात पहिली आलेली. त्याला मागच्या काचेवर रेडियममध्ये ‘घाटाचा राजा’ लिहून हवं होतं, काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, वर बैलाचं तोंड. रेडियमचं कामही मीच करतो. मी पोटावर सरपटत जिरवलेली ती काच, तिच्यातून पार होणारा एकाहत्तर टक्के उजेड, आणि त्यावर आता दीड फुटाची पिवळी अक्षरं.

मी काही बोलायच्या आत आबा म्हणाले, ‘बैल मागं बघत नाय म्हनून गाडीनंबी बघू नये व्हय रं?’

पोरगा म्हणाला, ‘आबा, लोकांना कळाया नको का कुनाची गाडी हाय?’

‘लाल गाडी हाय. तालुक्यात दुसरी कुनाकडं हाय का?’

बराच वेळ घासाघीस चालली. शेवटी अक्षरं काचेवरून खाली डिकीच्या पत्र्यावर आली, दोन इंच उंचीची, बैलाचं तोंड रद्द. पोराला ती लहान वाटली. रेडियमचे चारशे मी वेगळे लावले. तो म्हणाला एवढ्या मोठ्या कामात ते धरा की. आबांनी कोपरीच्या खिशातून काढून दिले.